घरातले फायलींचे कोठार



आमच्या लहानपणी माजघराच्या कोपऱ्यात धान्याची कणगी असे. वर्षाचे जोंधळे त्या कणगीत पडत. पेरणीचे बियाणे मात्र आई कणगीत कधी ठेवीत नसे. ते राखेत घोळून वेगळ्या मडक्यात घालायचे, तोंड लिंपून टाकायचे, आणि त्यातले पायलीभर चुलत्यांच्या घरी नेऊन ठेवायचे, असा तिचा शिरस्ता. का म्हणून विचारले तर म्हणे, "कणगीला उंदीर लागला तर चार महिने कमी खाऊ. बियाण्याला लागला तर पेरायचं काय?"

आज मला तुमच्याशी जे बोलायचे आहे ते धान्याबद्दल नव्हे, फायलींबद्दल. पण सांगायचे ते आईच्या त्या एका वाक्यातच आहे.

आता खेड्यातले घर घ्या किंवा खेड्यातली शाळा घ्या. लग्नामुंजींचे फोटो, सातबाऱ्याची आणि फेरफाराची स्कॅन केलेली पाने, शाळेची जुनी हजेरीपत्रके, स्नेहसंमेलनाची चित्रफीत, आजोबांचा आवाज हे सारे आता फायलींच्या रूपाने असते. आणि ते असते कुठे? थोडे मोबाइलमध्ये, थोडे लॅपटॉपवर, थोडे टेबलाच्या खणातल्या पेनड्राइव्हवर. मोबाइल पाण्यात पडला, लॅपटॉप बिघडला, की त्यातले गेले. कणगी नाही, मडकेही नाही. धान्य नुसते अंगणात पसरलेले, अशी आपली अवस्था.

माझे स्वतःचे सांगतो. शाळेतून निवृत्त व्हायच्या सुमारास मी गावातल्या चार वयस्क बायांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या. पहाटे उठून, प्रत्यक्ष जात्यावर बसवून. साधारण अकरा तासांचे ध्वनिमुद्रण झाले. सगळे एका छोट्या, खिशात मावेल अशा हार्ड डिस्कवर ठेवले आणि मी निश्चिंत झालो. पुढे दीड वर्षाने ती डिस्क लावली तर आतून टकटक असा आवाज येऊ लागला. शहरातल्या एका दुकानात दिली. त्यांनी महिनाभर ठेवून घेतली आणि काही निघत नाही म्हणून परत केली. तोवर चौघींपैकी दोघी वारल्या होत्या. तिसरीकडे गेलो, पुन्हा म्हणता का म्हणून विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, जातंच इकलं. आता ओवी कुठून यायची?"

ती डिस्क बिघडली यात नवल काहीच नव्हते. यंत्र आहे, बिघडणारच. चूक माझी होती. मी बियाणे एकाच मडक्यात ठेवले.

म्हणून आज घरातल्या किंवा शाळेतल्या फायलींसाठी एक साधे, स्वस्त कोठार कसे उभारावे, त्यासाठी कोणते सामान घ्यावे, आणि पैसे थोडे असतील तर ते आधी कुठे घालावेत, याचा विचार करू.

इंग्रजीत याला फाइल सर्व्हर म्हणतात, दुकानात 'नॅस' म्हणून ओळखतात. नावाला भिऊ नका. एक संगणक, त्यात एक किंवा दोन हार्ड डिस्का, आणि तो राउटरला तारेने जोडलेला, एवढेच ते प्रकरण. त्याला पडदा लागत नाही, रोजच्या वापरात कळफलकही लागत नाही. घरातल्या कोणीही आपल्या मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून त्यात फाइल टाकावी, हवी तेव्हा काढावी.

पहिला प्रश्न असा, की कोठार केवढे हवे? कणगी विणण्यापूर्वी खंडीचा अंदाज घेतात ना, तसा घेऊ. मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरा. साठ हजार फोटो झाले तर २४० जीबी. तासाभराची चित्रफीत साधारण चार ते आठ जीबी घेते. सहा धरली तर तीस तासांचे १८० जीबी. शाळेच्या दप्तराची वीस हजार पाने स्कॅन केली आणि पानाला एक एमबी धरला, तर वीस जीबी. बेरीज झाली ४४०. वाढीला दुप्पट जागा सोडली तरी एक टीबीच्या आत काम भागते. टीबी म्हणजे इथे क्षय नव्हे बरं का, टेराबाइट. हजार जीबींचा एक टीबी. तेव्हा बहुतेक घरांना आणि लहान शाळांना दोन टीबी पुष्कळ झाले. भावात फार फरक नसेल तर चार घ्या. दुकानदार सोळा टीबी दाखवील. ते त्याचे काम आहे. आपले काम आधी बेरीज करण्याचे.

दुसरा प्रश्न पेटीचा, म्हणजे संगणकाचा. इथे लोक सर्वांत अधिक पैसे घालतात, आणि गरज तर इथे सर्वांत कमी असते. ती कशी, ते पाहा. घरातले चांगले राउटर आणि तारा ज्याला गिगाबिट म्हणतात त्या वेगाच्या असतात. त्या तारेतून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. साधी हार्ड डिस्कही मोठी फाइल वाचताना साधारण तेवढा वेग देते. म्हणजे अडते ते तारेपाशी. संगणक कितीही जोरकस घेतला तरी फाइल लवकर येणार नाही. अरुंद पाटाला मोठे इंजिन बसवून पाणी जास्त येत नाही, तसेच हे. राउटर आणि केबल मात्र पाहून घ्या. जुन्या राउटरचे दरवाजे शंभर मेगाबिटचे असतील, तर सेकंदाला अकरा-बारा एमबींपलीकडे मजल जाणार नाही.

तेव्हा पेटी जुनी घ्यावी. आणि तिला आज दिवसही बरे आहेत. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ही पुष्कळ जुन्या यंत्रांवर नियमाप्रमाणे चढत नाही. त्यामुळे बँका, कचेऱ्या, कंपन्या यांतून चांगले चालते संगणक काढून टाकले जात आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जिल्ह्याच्या गावी जुने संगणक विकणाऱ्यांकडे असली यंत्रे मिळतात. आपल्याला त्यावर विंडोज चालवायचेच नाही. लिनक्सवर आधारलेली, फुकट मिळणारी, खास कोठारासाठी केलेली प्रणाली घालायची. ओपनमीडियाव्हॉल्ट ही त्यांतली एक. तिच्यात सांबा नावाचा जो भाग असतो, त्याच्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपलाही हे कोठार आपल्याच एखाद्या फोल्डरसारखे दिसते. प्रणाली चढवण्याचे काम नववी-दहावीतली चुणचुणीत मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली एका सुट्टीत करतात. यातून मुले जे शिकतात ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा काकणभर जास्तच.

जुनी पेटी घेताना चार गोष्टी पाहा. मोठ्या हार्ड डिस्का बसायला आत दोन जागा आहेत का? पुस्तकाएवढे जे छोटे संगणक मिळतात ते वीज कमी खातात, पण त्यांत मोठी डिस्क मावत नाही. रॅम आठ जीबी आहे का? तेवढी पुरते. तारेचा दरवाजा गिगाबिट आहे का? आणि चौथी गोष्ट, वीज किती खाते?

या चौथ्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही. कोठार दिवसरात्र चालू राहते. एक वॅट वर्षभर चालू राहिला, की पावणेनऊ युनिटे होतात. एवढे एकच गणित लक्षात ठेवा. पंधरा वॅटची पेटी वर्षाला १३१ युनिटे खाते, साठ वॅटची ५२५ च्या वर. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला तीन हजारांवर फरक पडतो. चार वर्षांत बारा हजार. म्हणजे फुकट मिळालेला जुना, दांडगा संगणक पुढे महाग पडू शकतो. शाळेत असेल तर शाळा सुटताना तो रीतसर बंद करावा. कोठार रात्री झोपले म्हणून बिघडत नाही.

रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावणारा संगणक २०१२ साली इंग्लंडातून आला. त्याची २०१९ ची चौथी आवृत्ती आणि त्यापुढची आवृत्ती हे काम करू शकते, आणि वीजही फार थोडी खाते. पण दोन डिस्का त्याच्याच विजेवर चालवू नका. त्याच्या यूएसबी दरवाजांतून तेवढी वीज निघत नाही, आणि अर्धपोटी डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. डिस्कला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा हवा. तयार नॅस पेट्याही मिळतात. बसवायला सोप्या, वीज कमी खाणाऱ्या, पण पैसे जास्त. ज्याच्या जवळपास मदतीला कोणी नाही, त्याने ती घेतली तर चूक नव्हे.

आता आपण मुख्य सामानाकडे येऊ. ते म्हणजे हार्ड डिस्क. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाहेर काढली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. म्हणजे आजच्या मोबाइलच्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढी जागा. तेव्हापासून आजवर मूळ युक्ती तीच आहे: तबकडी फिरते, आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाहूनही कमी अंतरावर एक टोक तरंगत लिहिते-वाचते. इतके नाजूक यंत्र कधी ना कधी बिघडायचेच. हजारो डिस्का चालवणाऱ्या एका अमेरिकन साठवण-कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून पाहिले, तर अलीकडच्या वर्षांत दरसाल शंभरात एक ते दोन डिस्का बंद पडतात. आणि बिघडण्यापूर्वी ती इशारा देईलच असे नाही. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या बंद पडलेल्या डिस्कांची पाहणी केली. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक डिस्कांनी आपल्या अंगच्या तपासणी-नोंदीत बिघाडाची एकही खूण दाखवली नव्हती.

खरेदी करताना एक फरक समजून घ्या. काही डिस्कांत लिहिण्याच्या रेघा शेजारी-शेजारी असतात. त्यांना सीएमआर म्हणतात. काहींत त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यांना एसएमआर म्हणतात. कौलांनी जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर वरची ओळ उचलावी लागते. तसेच एसएमआर डिस्कवर मजकूर पुन्हा पुन्हा बदलला की काम रेंगाळते. २०२० साली असे उघडकीला आले, की कोठारासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का न सांगताच कौलारू जातीच्या होत्या. तेव्हा पेटीत बसवायची डिस्क सीएमआर आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. महिन्यातून एकदा प्रत काढून कपाटात ठेवण्यासाठी मात्र कौलारू डिस्क चालेल.

जुनी डिस्क घ्यावी का? पेटी जुनी चालेल असे मी म्हणालो, पण डिस्क होता होईतो नवी, पावतीसह आणि हमीपत्रासह घ्या. डिस्क एकूण किती तास चालली याची नोंद तिच्या आतच असते. पण २०२५ च्या आरंभी युरोपात वापरलेल्या डिस्का, ती नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे बाहेर आले. फार स्वस्तात मिळणाऱ्या, अचाट आकड्यांच्या पेनड्राइव्हांपासूनही सावध राहा. काहींवर छापलेली जागा आत नसतेच. वरून माप भरलेले, खाली भूस. अशी वस्तू पूर्ण भरून, परत वाचून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

आता मी माझ्या मुद्द्याशी आलो. एका पेटीत दोन डिस्का बसवून दोन्हींवर तेच लिहिण्याची एक सोय असते. तिला आरसा म्हणू; तंत्रज्ञ तिला रेड-वन म्हणतात. एक डिस्क गेली तरी दुसरी चालू राहते, काम थांबत नाही. ऐकायला फार छान. पण आरसा म्हणजे काय? तुम्ही गंध लावले तर आरशातही गंध दिसते, आणि पुसले तर आरशातूनही पुसले जाते. चुकून एक फोल्डर खोडले, की दोन्ही डिस्कांवरून ते त्याच क्षणी गेले. वीज पडली, पेटी चोरीला गेली, छप्पर गळून पाणी आत शिरले, की दोन्ही डिस्का एकदमच गेल्या. २०२२ साली इंटरनेटवर उघडी ठेवलेली घरगुती कोठारे परस्पर कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे प्रकार जगभर झाले. तिथेही आरशाचा उपयोग नव्हता. यावरून दुसरा धडा असा, की आपले कोठार घराच्या जाळ्याबाहेर उघडे करू नये, आणि मुलांची कागदपत्रे असतील तिथे पासवर्ड घालावा.

म्हणून माझे सांगणे असे: दोनच डिस्का घेण्याइतके पैसे असतील, तर आरसा करू नका. एक डिस्क पेटीत बसवा. दुसरी बाहेर ठेवा. महिन्यातून एकदा लावायची, प्रत काढायची, आणि तार सोडवून दुसऱ्याच्या घरी न्यायची. शाळेची असेल तर मुख्याध्यापकांच्या घरी, घरची असेल तर भावाच्या किंवा लेकीच्या घरी. तारेने जोडलेली नाही, त्या डिस्कपर्यंत ना वीज पोचते, ना चोर, ना आपलीच चूक. तिसऱ्या डिस्कचे पैसे जमतील तेव्हा आरशाचा विचार करा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम रूढ केला आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. आमच्या आईने हे पुस्तक वाचले नव्हते, पण चुलत्यांच्या घरची पायली तिला ठाऊक होती.

"मग सगळे इंटरनेटवरच का ठेवू नये?" असे कोणी विचारील. थोडे आणि अतिमहत्त्वाचे जरूर ठेवावे. पण वर चढवण्याचा वेग दहा मेगाबिट असेल, तर एक टीबी चढवायला अखंड नऊ दिवसांहून जास्त लागतात. तेच काम घरच्या गिगाबिट तारेवर अडीच तासांचे आहे.

वीजपुरवठ्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. लिहिण्याच्या मध्येच ती गेली, तर फाइल अर्धवट राहते, कधी सारी नोंदवहीच विस्कटते. म्हणून एक लहान यूपीएस घ्या, आणि तो यूएसबी तारेने संगणकाला निरोप देणारा घ्या. बॅटरी उतरत आली की तो कळवतो आणि पेटी आपली आपण नीट बंद होते. घरात इन्व्हर्टर असला तर त्यावरचे यूपीएसचे बटण चालू ठेवा. पण साधा घरगुती इन्व्हर्टर संगणकाला निरोप देत नाही, हे ध्यानात असू द्या. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की राउटरची तार आणि विजेची पिन, दोन्ही काढा. वीज नुसत्या विजेच्या तारेनेच घरात येते असे नाही.

आता हिशेब. भाव रोज बदलतात, म्हणून रुपयांत न सांगता प्रमाण सांगतो. आणे १९५७ साली चलनातून हटू लागले, पण हिशेबाला अजून सोईचे आहेत. रुपयातले आठ आणे डिस्कांना, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या मिळून. चार आणे पेटीला. तीन आणे यूपीएसला. एक आणा केबल आणि किरकोळीला. पैसे कमी पडले तर पेटीतून कापा, मागून आणा, जुनी वापरा. बाहेरच्या डिस्कमधून मात्र कापू नका.

आणि शेवटची एक गोष्ट, तिला पैसे लागत नाहीत. ठेवलेले बियाणे उगवते का, हे पेरणीआधी चार दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहतात. तशी वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दिवाळीला म्हणा, बाहेरची डिस्क आणून तिच्यातल्या पाच-दहा फायली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. फोटो दिसतो का? आवाज ऐकू येतो का? जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरू नये.

चौथ्या आजी अजून आहेत. त्यांच्या घरी जाते नाही, म्हणून शेजारच्या वाडीतून एक उसने आणले, ओसरीवर मांडले आणि पुन्हा त्यांना बसवले. आवाज पहिल्यासारखा नाही, मध्ये मध्ये दम लागतो. अकरा तासांतले पाऊण तासच परत आले. त्या पाऊण तासाची एक प्रत माझ्या कोठारात आहे, एक पुतण्याच्या घरी कपाटात आहे, एक इंटरनेटवर आहे. बाकीचे सव्वादहा तास कुठेच नाहीत.

तुमच्या घरातही कोणाचा तरी आवाज एकाच मडक्यात पडलेला असेल. या आठवड्यात त्याची दुसरी प्रत काढा. पेटी, यूपीएस वगैरे मागून सावकाश होईल.